बोस्टनची थैली, नगरची मूठ : मराठी मंडळीच्या स्वावलंबनाची हकीकत

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की पाळकांची यादी, कोनशिलेचा फोटो आणि येऊन गेलेल्या पाहुण्यांची नावं एवढ्यावर बहुधा भागवलं जातं. नगरच्या मराठी मंडळीचा इतिहास मला मात्र जमाखर्चाच्या बाजूने सांगायचा आहे. १८३३ पासून आजपर्यंत या मंडळीपुढे एक प्रश्न सतत उभा राहिला : पाळकाचा पगार कोण देणार? दर पिढीत त्याचं उत्तर बदललं, आणि उत्तर बदललं तसं मंडळीचं रूपही पालटत गेलं.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशनरी संस्थेचे ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वे मुंबईहून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. हर्वे आणि बाबाजी दोघेही लवकरच वारले, पण १८३३ मध्ये इथे मंडळी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत बरेचसे निराधार, आजारी, अन्नाला महाग असे लोक होते. अशा मंडळीकडून वर्गणी कोण मागणार? खर्च सगळा बोस्टनहून येत होता, आणि त्या वेळी तेच स्वाभाविक होतं.

बोस्टनच्या त्या पैशाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १८१० मध्ये स्थापन झालेल्या या बोर्डाच्या तिजोरीत श्रीमंतांच्या देणग्या होत्या, तशीच न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या सामान्य कुटुंबांची आणि शब्बाथ शाळेतल्या मुलांची चिल्लरही होती. बोर्डाचं ‘मिशनरी हेरल्ड’ हे मासिक अंकाच्या अखेरीस जमेच्या गाववार याद्या छापत असे. कुठल्या गावच्या मंडळीने किती डॉलर आणि किती सेंट पाठवले, ते त्यात दिसे. म्हणजे देणाऱ्याला आपलं देणं छापील पानावर सापडत होतं. नगरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसत होता तो महिनाअखेरीला साहेबाच्या बंगल्यावर होणारा पगार. तिकडे एखाद्या विधवेने काटकसर करून पाठवलेला डॉलर इकडे पोचेपर्यंत साहेबाचा पैसा होऊन गेलेला असे. मंडळीला देण्याची सवय लागायला उशीर का झाला, याचं मोठं कारण मला इथे दिसतं. लोक गरीब होते हे खरंच. पण देणारे हात त्यांना कधी दिसलेच नाहीत.

हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांचा बाप्तिस्मा १८३९ मध्ये झाला. पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, दोघांनाही दीक्षा मिळाली आणि नगरच्या मंडळींचं पाळकपण एतद्देशीय माणसांकडे आलं. त्याच हिवाळ्यात बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीसाठी आले होते. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण चालवावा आणि सुवार्ताही आपणच सांगावी, हे अँडरसन यांचं सूत्र पुढे जगभरच्या मिशनांत गाजलं. त्यामागचा हिशेब साधा होता. इंग्रजी शाळेत शिकलेला तरुण इंग्रजी नोकरीइतका पगार अपेक्षितो, आणि खेड्यातली मंडळी तो कधीच देऊ शकत नाही. म्हणून पाळक मराठीतून शिकवावा, त्याची राहणी लोकांसारखी असावी, आणि पगार लोकांना झेपेल इतका असावा. या धोरणापायी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. त्यावर अमेरिकेत इतका वाद पेटला की १८५६ मध्ये बोर्डाला ऑल्बनी इथे खास सभा भरवावी लागली. अँडरसन यांचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. पाळकाला कमी शिकवून मंडळी स्वावलंबी करायची, हा सौदा पुढच्या पिढ्यांना महाग पडला.

खेड्यांत प्रश्न आणखी अवघड होता. १८५० नंतर गोदावरीच्या खोऱ्यात, वडाळा वगैरे गावांच्या आसपास, मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. या कुटुंबांची कमाई रोकड नव्हतीच. गावाची शीव राखायची, निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, सरकारी वसूल तालुक्याच्या कचेरीपर्यंत सांभाळून न्यायचा. आणि या सगळ्याच्या बदल्यात खळ्यावर बलुतं मिळायचं. ख्रिस्ती झाल्यावर गावदेवीच्या कामाला नकार दिला, किंवा रविवारी वेठ नाकारली, की पाटलाच्या मर्जीवर असलेलं ते बलुतं अडायचं. अशा घराकडे दरमहा चार आणे वर्गणी मागायची म्हणजे त्याने ते आणायचे सावकाराकडूनच. म्हणून या मंडळ्यांनी सुरुवातीला जे दिलं ते धान्यात दिलं, कोंबडीत दिलं, अंगमेहनतीत दिलं. प्रार्थनामंदिराच्या भिंतीची माती तुडवणं, शाळेचं छप्पर शाकारणं, पाळकाच्या घरी सरपण टाकणं, हे सगळं दानच होतं. पण हिशेबाची वही रुपये-आणे-पैची असल्यामुळे त्यातलं फारच थोडं वहीवर आलं. आजच्या इतिहासकाराने जुने आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावं. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्यांच्या भरवशावर गावाचा वसूल पिढ्यान् पिढ्या सुखरूप तालुक्याला गेला, त्या माणसांच्या हाती मंडळीचा पैसा सोपवायला कोणाचंही मन कचरण्याचं कारण नव्हतं.

मंडळ्यांचा संघ ‘ऐक्य’ या नावाने उभा राहिला आणि नगरच्या वार्षिक मेळ्याला गावोगावचे लोक जमू लागले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घालून दिली. दानाच्या शिकवणीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं ठरलं, असं माझं मत आहे. व्यासपीठावरून दशमांशाचं गणित सांगितलं की ऐकणारा आपल्या दारिद्र्याशी त्याची तुलना करून गप्प बसतो. कीर्तनात मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी विधवा उभी राहिली, की ऐकणारीला ती आपल्या आळीतली वाटते. मराठी मुलखात दानाचा संस्कार आधीपासून होताच : दारी आलेल्याला शिधा, वारकऱ्याला भाकरी, कथेच्या आरतीत पैसा. कीर्तनाने मंडळीचं देणं त्या ओळखीच्या वाटेवर आणून ठेवलं.

त्यातूनच मुठीची रीत आली. दळण-कांडणाच्या वेळी किंवा भाकरीचं पीठ काढताना बाईने एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि ते मडकं ठरल्या दिवशी मंडळीत आणायचं, अशी रीत अनेक ठिकाणच्या ख्रिस्ती बायकांत होती. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून सुरू झालेली तांदळाच्या मुठीची चाल आजही त्या मंडळीचं मोठं उत्पन्न आहे. आपल्याकडे पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंड गावोगाव नेला. त्याआधी अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला होता. थोडं, पण सगळ्यांकडून आणि नेमाने, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक कामांची जुनी पद्धत आहे आणि मराठी मंडळी तिच्यातलीच एक. मुठीत आणखी एक मोठेपण होतं. घरातला रोकड पैसा पुरुषाच्या हाती असे, पण पिठाच्या डब्यावर बाईची सत्ता चाले. मंडळीच्या वहीत बायकांचं नाव स्वतंत्रपणे चढलं ते या मुठीमुळे.

१८७६ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीस लागोपाठ आलेले १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ यांनी हे सगळं उलटंपालटं केलं. १९०० मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ ही बोट मका भरून मुंबईला आली. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ पत्राच्या वाचकांनी लाखो डॉलर पाठवले. मदतवाटपात नगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम आघाडीवर होते आणि सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिलं. हजारो जीव वाचले. अनाथ मुलांनी मिशनची आवारं भरली. या मदतीची किंमत लावू नये, आणि ती घेणाऱ्याला कमी लेखणं तर अगदीच गैर. तरीही जमाखर्चाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावी लागते. ज्या मंडळ्या जेमतेम पाळकाच्या पगाराचा काही वाटा उचलू लागल्या होत्या, त्यांची सवय मोडली. पुढची कित्येक वर्षं मिशन म्हणजे काम देणारं, धान्य देणारं, मुलांना बोर्डिंगात ठेवून घेणारं घर, हीच ओळख पक्की झाली.

या ओळखीला आतून धक्का दिला तो पगार नाकारणाऱ्या माणसांनी. १८४८ मध्ये मुंबईला आलेल्या जॉर्ज बोवेन यांनी थोड्याच दिवसांत बोर्डाचा पगार घेणं सोडलं. वस्तीत लहानशा खोलीत राहून, लेखन-संपादनाच्या कामावर गुजराण करत त्यांनी १८८८ पर्यंतचं आयुष्य मुंबईतच काढलं. आपल्या लोकांना अधिक जवळचे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ मध्ये दीक्षा मिळाली. मिशनच्या नोकरीत राहून मिशनच्या पैशाने बांधलेली मंडळी हिंदी मनाची होणार नाही, हे दुःख त्यांना सतत जाळत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार फार टिकला नाही, पण परक्या पगाराबद्दल उघड बोलायचं धाडस मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांनी दिलं. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीनेही हिंदी माणसं आणि हिंदी पैसा हाच आग्रह धरला होता.

टिळकांचं औदार्य सांगताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विसरू नये. ज्यांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला देऊन ते मोकळे होत आणि चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. मला टिळकांबद्दल पराकोटीचा आदर आहे. पण दानाची शिकवण देताना मी मंडळीपुढे लक्ष्मीबाईंना आधी उभं करीन. पाळकाच्या घरची ओढाताण हेच त्याच्या भक्तीचं प्रमाण मानायची सवय आपल्या मंडळ्यांत आजही आहे. पगार दोन महिने थकला तरी ‘पाळकसाहेब काही बोलत नाहीत’ म्हणून निवांत राहायचं, हे औदार्याच्या विरुद्ध टोक आहे.

१९३० च्या मंदीत अमेरिकेतलं दान आटलं, बोर्डाने अनुदानं कापली, आणि स्वावलंबन हा भाषणाचा विषय न राहता निकडीचा झाला. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झालं तेव्हा आपल्या मंडळ्या त्यात गेल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि त्यातही आल्या. आता पाळकाचा पगार डायसिसमार्फत (धर्मप्रांतामार्फत) आणि मंडळीने डायसिसला आपला ठरलेला वाटा भरायचा, अशी घडी बसली. तिचा फायदा असा की लहान मंडळीचा पाळक मोठ्या मंडळीच्या आधाराने जगतो. तोटा असा की बोस्टनच्या जागी डायसिस आली, आणि ‘पगार वरून येतो’ ही जुनी समजूत काही ठिकाणी नव्याने रुजली.

याच काळात खेड्यातलं अर्थकारणही बदललं. १९५९ पासून कनिष्ठ वतनं कायद्याने संपली, बलुत्याचा फास सुटला. साखर कारखाने आले, शिकलेली मुलं शिक्षक, परिचारिका, एसटीतले नोकर झाली. रोकड पगार घरात आला आणि मंडळीची थैली पहिल्यांदा वजनदार झाली. तरी सर्वांत मोठी जमा त्या दिवसाची राहिली ज्याची मुलं वर्षभर वाट पाहतात : कापणीचा सण.

वेदीपुढे ज्वारीची ताटं, बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. एखादा बोकड बाहेर झाडाला. उपासना संपली की लिलाव. बोली पुकारणारा मंडळीतला मोठ्या आवाजाचा माणूस असतो, त्याला प्रत्येकाच्या घरची खबर असते. सहा अंडी पुकारली जातात. कोणी पन्नास म्हणतो, कोणी शंभर. नुकताच नोकरीला लागलेला मुलगा आईकडे बघत पाचशे म्हणतो. एक वार, दोन वार, तीन वार. तो अंडी घेतो आणि लगेच म्हणतो, ‘परत लिलावाला.’ तीच सहा अंडी तीन वेळा विकली जातात. मागच्या बाकावर ती अंडी आणणारी आजी बसलेली असते, आणि आपल्या अंड्यांचे किती झाले हे शेजारणीला विचारत असते.

लिलावाला नावं ठेवणारे आहेत : यात चढाओढ होते, मोठेपणा मिरवला जातो. हे पूर्ण खोटं नाही. पण त्यावर एक चांगला उपाय काही मंडळ्यांनी शोधला आहे, आणि तो सर्वांनी उचलावा. लिलावाच्या वहीत तीन रकाने ठेवायचे : वस्तू कोणी आणली, कोणी घेतली, किती रुपयांना. जमेची रक्कम वाचताना घेणाऱ्याआधी आणणाऱ्याचं नाव वाचायचं. आजीच्या अंड्यांचं दान आजीच्या नावावर चढतं.

वाचायचं, हा शब्द मी मुद्दाम वापरला. जमाखर्चाकडे पाहता पाहता माझी एक खात्री पटली आहे : जिथे हिशेब वेळच्या वेळी मोठ्याने वाचला गेला तिथे देणं वाढलं, आणि जिथे तो खजिनदाराच्या कपाटात राहिला तिथे उपदेश कितीही प्रभावी झाला तरी थैली हलकीच राहिली. हे शास्त्रालाही धरून आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सात भल्या माणसांची नेमणूक केली. पौलाने यहूदियातल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी बोट दाखवू नये म्हणून ही काळजी घेतो, असं त्याने करिंथच्या लोकांना स्पष्ट लिहिलं. पौलावर लोकांचा विश्वास होता, तरी त्याने ही व्यवस्था केली. आपल्याकडे मात्र हिशेब विचारला की ‘तुमचा विश्वास नाही का?’ असं उत्तर मिळतं. या उत्तराने मंडळीचं जितकं नुकसान केलं तितकं दुष्काळानेही केलं नसेल.

चांगल्या मंडळीत रविवारी काय घडतं ते लिहून ठेवतो, कारण पुढच्या पंचकमिटीला उपयोगी पडेल. थैली पाळकाच्या हाती येते ती अर्पणाच्या प्रार्थनेपुरती. उपासनेनंतर वेस्ट्रीच्या टेबलावर ती उलटी केली जाते. दोघे मोजतात, तिसरा लिहितो, आणि हे तिघे एका घरातले नसतात. नोटा वेगळ्या, दहाच्या नाण्यांच्या चवडी वेगळ्या. उपकारस्तुतीचे लिफाफे फोडून प्रत्येकावरचं कारण वहीत उतरवलं जातं : नातू झाला, ऑपरेशन पार पडलं, मुलगी दहावी पास झाली. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, खाली तिघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरणा. गरीब निधीचे पैसे रंगकामाला वापरायचे नाहीत, दफनभूमीचे पैसे सणाच्या जेवणाला नाहीत. तीन महिन्यांनी हिशेब वाचायचा आणि नोटीस बोर्डावर लावायचा. पावती दहा रुपयांचीही फाडायची.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने यातलं बरंच सक्तीचंच केलं आहे. वर्षाचं ऑडिट, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, जमीन विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. परदेशी देणगीवर १९७६ पासून वेगळा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरते. कागदपत्रांचा त्रास होतो हे मान्य. पण मिशनने ठेवलेल्या जमिनींचे भाव शहरं वाढली तसे कडाडले, आणि त्या जमिनींवरून विश्वस्तांत कोर्टकज्जे किती झाले हे सर्वांना माहीत आहे. परवानगीची अट नसती तर आज किती आवारं उरली असती? रस्त्याकडेला गाळे काढून भाड्यावर मंडळी चालवावी, असा आग्रह तरुण सभासदांत आहे. भाडं इमारतीच्या दुरुस्तीला जरूर वापरावं. पाळकाचा पगार भाड्यातून निघू लागला की सभासदाला वर्गणीची गरज वाटत नाही, आणि आपण पुन्हा १८३३ मध्ये जातो.

मार्च २०२० मध्ये मंदिरं बंद झाली आणि थैली फिरायची थांबली. पाळकाचं घर, रखवालदाराचा पगार, विजेचं बिल थांबलं नाही. तेव्हापासून दाराशी क्यूआर कोडचा फलक आला. तो राहावा, फक्त पैसे ट्रस्टच्या खात्यावरच यावेत, खजिनदाराच्या मोबाईल नंबरवर नकोत, आणि आठवड्याची ऑनलाइन जमाही त्याच रविवारच्या वहीत चढावी.

या घडीचा सर्वांत जड प्रश्न खेड्यांचा आहे. नेवासे, शेवगाव, राहुरीकडच्या कितीतरी मंडळ्यांत आता म्हातारी माणसंच उरली आहेत. कमावती मुलं पिंपरी-चिंचवडला, मुंबईला. ती तिकडच्या मंडळीत वर्गणी देतात आणि नाताळला गावी आली की इथेही लिफाफा टाकतात. बाकी अकरा महिने गावच्या मंडळीने पाळक कसा सांभाळायचा? ज्या मंडळ्यांच्या बाकांवर गावची मुलं बसतात, त्या शहरी मंडळ्यांनी आपल्या जमेचा एक ठरलेला हिस्सा गावच्या पाळकनिधीला द्यावा, असं मला वाटतं. तो किती असावा, कोणत्या गावाला जावा, आणि तो खर्च झाल्याचा हिशेब गावच्या मंडळीने शहरात येऊन कधी वाचून दाखवावा, हे येत्या वार्षिक सभेने ठरवायचं आहे.